मूठभर युरिया

जया बेटा,

धिंगरी मशरूमचं नवीन बी आनाले यवतमाळले जाऊन राह्यलो. तुले उठवलं नाही.

खराब झालेल्या चौदा पिशव्या मी उकिरड्याच्या पल्याड गाडल्या, नाहीतर हिरवी बुरशी बाकीच्याइले लागली असती. राह्यलेल्यावर पानी तूच मार. मी त्या खोलीत आता पाय ठेवत नाही.

तू सोयाबीनच्या कुटारात जिप्समची पूड काट्यावर तोलून टाकत होती. मले वाटलं, एवढ्याशानं काय होते? जलमभर पऱ्हाटीले मूठ-मूठ युरिया देल्ला, तसाच तुह्या त्या चौदा पिशव्याइले देल्ला. तुह्यं काम हलकं कराले गेलतो. पिशव्या तापल्या, वास सुटला, सारं बी मेलं.

इंद्रजीतचा पुन्याहून फोन आला तर त्याले सांगू नको. तसाही तो आपल्या बापाबद्दल विचारत नाही.

तुही सासू असती तर दोन दिवस माह्या नावानं ओरडली असती. तू नुसतं "असू द्या बाबा" म्हनली अन् ताट वाढून आत गेली. पाहुन्याच्या हातून कप फुटला की आपन म्हनतो, तसं.

संध्याकाळी येतो. तवा मले चांगली रागाव.

रूपसिंग