बोटांना लागलेली गाठ

आई, आज प्रयोगशाळेत पुन्हा तुझी आठवण आली आणि दिवसभर गेलीच नाही. मी काय काम करते हे तुला कधी सांगताच आलं नाही. काचेच्या बशीत आम्ही जेलचा थर बसवतो, एकीत मऊ, एकीत कडक, आणि दोन्हींवर कॅन्सरच्या पेशी वाढवतो. कडक थरावरच्या पेशी जास्त बोलक्या होतात. डोळ्यांना न दिसणाऱ्या पुड्या बाहेर सोडतात, त्यांतून शेजारच्या पेशींना निरोप जातात आणि त्याही वाढीला लागतात. गाठ आजूबाजूचं मांस कडक करते आणि तोच कडकपणा पुन्हा गाठीला पोसतो. हे समजायला मला इतकी वर्षं आणि एवढी यंत्रं लागली. तुला बोटं पुरत होती.

डोळखांबचं आपलं स्वयंपाकघर. मी तांदळाच्या भाकरीची उकड मळते आहे, तू शेजारी बसून तिच्यात बोट रुतवून बघतेस. "घट हाय गो. भेगा पडतील. कालेजात हेच शिकलीस?" चिखलणी झाली की खाचरातही तू असाच पाय रोवून बघायचीस, आणि तू हो म्हटल्याशिवाय कोणी रोपाला हात लावायचं नाही. त्या दिवशी उकड जमली, तशी तू माझा ओला हात धरलास आणि पदराखाली डाव्या छातीवर ठेवलास. "हितं बघ. कायतरी कडक लागतंय."

लागलं. वालाच्या दाण्याएवढं, जागचं न हलणारं. मला लाज वाटली. दुसऱ्या दिवशी मुरबाडच्या कॉलेजात माझा जीवशास्त्राचा पेपर होता. हात काढून घेत मी विचारलं, "दुखतंय का?"

"नाय."

"मग काय नाय. असतं तर दुखलं असतं ना."

तू मान डोलावलीस. घरात शिकलेली मी एकटीच, म्हणून तू माझं ऐकलंस. त्या पेपरात मी कॉलेजात पहिली आले, याची मला आजही किळस येते. लावणी झाली, कापणी झाली. शहापूरच्या डॉक्टरांनी तपासलं तेव्हा गाठ काखेत उतरली होती. पुढच्या लावणीला तू नव्हतीस.

लोक म्हणतात, आईसाठी पोर या कामात शिरली. मी ऐकून घेते. खरं तर बशीतल्या पेशी कितीही मोजल्या तरी मला काहीच वाटेनासं झालंय. तुझ्यापर्यंत यातलं काही पोचत नाही.

दादा अजून तुझ्यावरच चिडतो. परवा तुझ्या श्राद्धाला जेवताना म्हणाला, "आईनं कुनाला सांगलाच नाय. सांगला असता तर वाचली असती." मी ताटात बघत म्हटलं, "लपवलं तिनं." इतकी वर्षं मी हेच म्हणत आले आहे. हे पत्र दादाच्या हाती लागायच्या आत चुलीत घालीन, आणि पुढच्या श्राद्धाला तो पुन्हा तसंच बोलला, तर मीही पुन्हा तेच म्हणेन.