शिट्टीमास्तर आणि काचेची वाटी

दि. ३ जुलै

चि. धाकटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून हे पत्र. यात तरी मध्ये बोलता येणार नाही.

तुझ्या वहिनीच्या घशाच्या ऑपरेशनला आज एकोणीस दिवस झाले. टाके सुकले. बोलायला अजून बंदी, म्हणून उशाशी पाटी आणि खडू ठेवलाय. काळजी आहे ती खाण्याची. पातळ दिलं की ठसका लागतो, घट्ट दिलं तर उतरत नाही. वजन चार किलो सातशे ग्रॅमनं घटलंय. डॉक्टर म्हणाले, वीस तारखेपर्यंत हे थांबलं नाही तर नाकातून नळी घालावी लागेल. त्यावर तिनं पाटीवर दोनच शब्द लिहिले, "नळी नको." काल मात्र आपणहून लिहिलं, "धाकटीचं पुडिंग." तू अंडी-दुधाचं करायचीस ते.

तर ते कसं करायचं, कळव. घरात ओव्हन नाही. कुकर अकरा आहेत, त्यातले दहा गिऱ्हाइकांचे. सव्वीस वर्षं कुकर दुरुस्त करतोय, कुणी शिकवलं नाही, खोलून खोलून शिकलो. पण कुकरमध्ये आजवर पाण्याशिवाय काही उकळलं नाही, हे तुला म्हणून सांगतो. भांडं मी निवडून ठेवलंय. तिची ती जाड काचेची वाटी. रुंदी चौदा सेंटीमीटर, काठ चार मिलिमीटर. तीन बाजूंनी नखानं वाजवून पाहिली. स्वच्छ खणखणीत आवाज, कुठे तडा नाही. तिला त्याच वाटीतून खायला आवडतं.

प्रमाण ग्रॅममध्ये लिही. "अंदाजे" हा शब्द मला चालत नाही.

तुझा,
दादा


दि. ७ जुलै

ती. शिट्टीमास्तर दादास,
सा. न. वि. वि.

अंडी दोन, दूध अडीचशे मिली, साखर छत्तीस ग्रॅम. हॉस्टेलच्या भटारखान्यात साठ मुलींचा स्वयंपाक मी डोळ्यांनी मोजते. तुझ्यासाठी पहिल्यांदा चमच्यातली साखर काट्यावर घातली, तर भाजी चिरणाऱ्या बायका पोट धरून हसल्या. मिश्रण गाळून घे. एक शिट्टी होऊ दे, मग मंद आचेवर सात मिनिटं, आणि वाफ आपोआप जिरू दे.

आता रागावू नकोस. ती वाटी कुकरमध्ये घालायची नाही. काच ओव्हनला चालली म्हणजे कुकरला चालतेच असं नाही. बनवणाऱ्यानं "कुकरसाठी चालेल" असं स्वतः लिहून दिलं नसेल, तर काच आत जात नाही, हा माझ्याकडचा नियम. नखानं वाजवून आज असलेला तडा कळतो, वाफेत उद्या पडणारा कळत नाही. प्लास्टिक नको. रंगीत नक्षीचा कपही नको, त्या रंगात काय घातलंय ते आपल्याला ठाऊक नसतं. साधा स्टीलचा उभा डबा घे. तो खाली जाळीवर ठेव, चहूबाजूंनी बोटभर जागा सोड, डबा पाऊणच भर, आणि झाकण नुसतं वर टेकव, दाबू नकोस.

कुकर तुझा, पण कुकरच्या आतलं माझं. वहिनीच्या केसांवरून माझा हात फिरव.

तुझी,
धाकटी


दि. ११ जुलै, सकाळ

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

पत्र मिळालं. प्रमाणाबद्दल आभार. वाटीबद्दलचं वाचून, खरं सांगू, राग आला. वाफेचं मला तू शिकवणार? गल्लीतल्या प्रत्येक घरची शिट्टी मी भिंतीपलीकडून ओळखतो. दुकानात आत्ता नवीन रिंगचा कुकर तपासायला चढवायचाच आहे. त्यातच ती वाटी नुसतं पाणी भरून ठेवतो, पंधरा मिनिटं. धड निघाली की हे पत्र पुरं करून पेटीत टाकतो.

तोच दिवस, दुपार

धाकटे, वाटी धड निघाली नाही.

घाई माझीच. वाफ आपोआप जिरू दे म्हणालीस, मी नेहमीच्या सवयीनं शिट्टी उचलून वाफ एकदम सोडली. आत "टक्" असा आवाज आला, इतका बारीक की दुसऱ्या कुणाला ऐकूही आला नसता. उघडलं तर वाटीचे तीन तुकडे. जोडून पाहिले, काठावर एका जागी तांदळाएवढी फट राहिली. तिथला निसटलेला कण अर्धा तास भिंग घेऊन शोधला. रिंगच्या खाचेत सापडला.

तो कण पुडिंगमध्ये असता तर? त्या घशात? ती तर ओरडूही शकली नसती.

रिंग फेकून दिली. दुकानाची पायरी धुतली, का ते मलाही माहीत नाही. तुझं ऐकलं नाही, पण तुझं वाचून तिच्या पुडिंगच्या आधी नुसतं पाणी शिजवलं, एवढीच काय ती अक्कल. तुझे उपकार कसे मोजायचे ते मला येत नाही, आणि मोजमाप येत नाही असं मी पहिल्यांदाच लिहितोय.

तिला काय सांगू?

दादा


दि. १४ जुलै

ती. दादास,
सा. न. वि. वि.

दुपारचा मजकूर मी उभ्यानं वाचला आणि मग भटारखान्यातल्या पोत्यावर बसले. तुला बोलणार होते, पण नाही बोलत. चूक लपवून "वाटी फडताळात आहे" असं लिहिणं तुला सोपं होतं. तू तुकडे जोडून पाहिलेस आणि कण सापडेपर्यंत उठला नाहीस. असा भाऊ आहे म्हणून मी इथे निश्चिंत आहे.

वहिनीला खरं सांग. आणि डबा घे. आता पत्र लिहीत बसू नकोस, अंडी फोड.

तुझी,
धाकटी


दि. १९ जुलै

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

पहिल्या दिवशी झाकण टेकवायचं विसरलो, वरचं पाणी ठिबकून वर तळं झालं. ते मी खाल्लं. दुसऱ्या दिवशी जमलं. सुरी घालून पाहिली, कोरडी निघाली.

डबा तिच्यासमोर ठेवला आणि वाटीचं सगळं सांगितलं. तिनं पाटी ओढली. मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. लिहिलं, "वाटी गेली जाऊ दे. मला द्यायच्या आधी थांबलास." मग चमचा उचलला. ठसका नाही. त्या दिवशी चार चमचे, परवा अर्धा डबा. काल वजन घटलं नाही, आज साठ ग्रॅम वर. दोनदा मोजलं. डॉक्टरांनी कागदावरची नळी खोडली.

आज मी दुकानात होतो, रिंग बसवत. मागच्या खोलीतून आवाज आला, टण्, टण्. वाकून पाहिलं तर ती पलंगावर बसून चमच्यानं डबा वाजवतेय, तोंड माझ्याकडे करून. कडासुद्धा पुसून खाल्ल्या होत्या. आणखी हवं होतं.

सव्वीस वर्षं भांडी वाजवून ऐकतोय, धाकटे. रिकाम्या भांड्याचा इतका चांगला आवाज मी ऐकला नव्हता.

थांबतो, कुकर चढवायचाय. सात मिनिटं, आणि वाफ आपोआप जिरेपर्यंत हात मागे बांधून उभा राहीन. माया आहे तेवढीच ठेव, वाढवलीस तर मला मोजता यायची नाही.

तुझा,
शिट्टीमास्तर