स्वेटरचे नमुने

सोमवार, ४ मार्च

चुकले! स्क्रीन उघडी टाकून दूध उतरवायला गेले. परत येते तर जाऊबाई कॉम्प्युटर पुसतायत आणि समोर दवाखान्याचं नाव, पत्ता, सगळं! "चिमणे, हे मन मोकळं करायचं दुकान का गं? आणि टाइप करायला तू एकटीच?" मी हसून हो म्हटलं.

समुपदेशनाची रेकॉर्डिंग ऐकून टाइप करायचं माझं काम. नावं काढलेली असतात, दुःखं तशीच. दवाखान्यातल्या मॅडमनी बजावलंय — कुणाच्या कानावर जाता कामा नये. आवाज ओळखीचा निघाला तर फाइल न ऐकता परत! पण घरात कॉम्प्युटर एक, तोही हॉलमध्ये, आणि त्यावर भावजींचे सिनेमे. म्हणून फोल्डरला कुलूप घातलं आणि नाव दिलं 'स्वेटरचे नमुने'. या घरातल्या पुरुषांना लोकर म्हटलं की जांभई येते.

भावजींच्या खोलीत परत टीव्ही मोठा. हे म्हणाले, "दादाला ऐकू कमी येतंय." आम्ही दोघंही हसलो.

गुरुवार, ७ मार्च

जाऊबाईंची दाढ दुखतेय. आता दर गुरुवारी दातांच्या डॉक्टरांकडे. भावजी गाडीने नेणार, आणणार. एकटीला ते कोपऱ्यापर्यंतही सोडत नाहीत. फोनसुद्धा त्यांच्याच खिशात.

मंगळवार, १२ मार्च

हेडफोन लावला. नवी बाई. "ते खाली गाडीत बसलेत. खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांचं सांगून जिना चढून वर आले."

हातच थांबले. हा आवाज मला रोज "भाजी चिरलीस का?" विचारतो!

फाइल बंद केली. परत करायला हवी होती. नाही केली. पुन्हा उघडली, शेवटपर्यंत ऐकली. "मारताना टीव्ही मोठा करतात," म्हणाली. आम्ही हसलो होतो. लाज वाटते. स्वतःची, यांची, सगळ्या घराची.

काय करू? बोलले तर नियम मोडला. गप्प बसले तर...

बुधवार, १३ मार्च

टीव्ही मोठा झाला. जाऊन दार वाजवलं, "साखर आहे का?" साखर आमच्या एकाच स्वयंपाकघरात असते! पण टीव्ही बंद झाला.

शनिवार, १६ मार्च

भावजी: "मशीन रखडतंय. उद्या साफ करतो. आणि हे कुलूपवालं काय आहे? घरच्यांपासून कसलं लपवायचं?"

"कामाचं आहे. दवाखान्याची अट आहे."

"मशीन माझं आहे."

यांनी लगेच री ओढली, "देऊन टाक ना पासवर्ड, कशाला वाढवतेस?" मनात आलं, तुम्ही एकदा ऐकाच. उद्या देते म्हटलं, आणि ते जेवायला बसताच कुलूप काढून सगळं पुसून टाकलं.

रविवार, १७ मार्च

पुसलं, पण कचरापेटी रिकामी करायची राहिली! आठवलं तेव्हा भावजी खुर्चीत बसलेले. आणि उघडलं काय? कचरापेटीच. "एवढं काय पुसलंस गं?" म्हणत त्यांनी जुन्या फाइली परत आणल्या, एक उघडली. हेडफोन लावलेला नव्हता. स्पीकरमधून आवाज, "ते खाली गा—"

स्वयंपाकघरात ताटांची चळत कोसळली. भावजी शिव्या देत आत धावले. मी होतं नव्हतं ते साफ केलं. परत येऊन म्हणाले, "कुठे गेलं?" म्हटलं, "उडालं वाटतं."

वाचले, नशीब! पण एरवी वाटी पडली तरी जाऊबाई पांढऱ्याफटक पडतात. आज निवांत ताटं गोळा करत होत्या.

बुधवार, २० मार्च

नवी फाइल, गेल्या गुरुवारची. शेवटी मॅडम कुणाला तरी भेटायला बाहेर गेल्या. खुर्ची सरकल्याचा आवाज. मग अगदी कानाशी —

"चिमणे, ऐकतेयस ना? म्हणून तर इथे आले. घरात तुझ्याशी बोलायला जागाच नाही गं. पुढच्या गुरुवारी मी वर येईन ती परत खाली गाडीत बसणार नाही. कागदपत्रं तुझ्या लोकरीखाली ठेवते. या इमारतीला मागून एक दार आहे. तिथे घेऊन येशील?"

हिवाळ्यापासून लोकरीची पिशवी उघडलीच नव्हती. उघडली. आहेत.

स्वयंपाकघरात जाऊबाईंकडे गेले. हॉलमध्ये भावजी. म्हटलं, "ताई, उद्या लोकर आणायला जाईन म्हणते."

त्या भाजी चिरत राहिल्या. "जा की," म्हणाल्या. "मोठी पिशवी ने."