ठिपका हिरवा ठेवायची नोकरी

प्रिय चिमे,

शेजारच्या खोलीतून पत्र लिहितोय म्हणून हसशील. पण सकाळपासून तुझ्या कानात ते फोनचे बोळे असतात, आणि ते काढलेस की तू जेवता जेवता पेंगतेस. मग बोलायचं कधी?

तुझी ती ऑफिसातली मॅडम मला पहिल्यापासून पटलेली नाही. मी बाटल्यांच्या कारखान्यात मुकादमी केली आहे, माणसं कशी राबवतात ते मला ठाऊक आहे. आमचा साहेब शिव्या द्यायचा, पण समोर उभा राहून द्यायचा. पारा चढलाय की उतरलाय ते लांबून कळायचं. ही मात्र दर वेळी फोन ठेवताना काळजी घे म्हणते आणि दिवेलागणीला नवं काम पाठवते. मध्यंतरी तिने तुम्हा घरून काम करणाऱ्यांना कसं चाललंय विचारलं, तर सगळ्यांनी मजेत आहोत असं कळवलंत. खरं सांगायची एकाचीही छाती झाली नाही. जिभेवर इतकी साखर असली की कुठंतरी पाणी मुरतंय, असं मी तेव्हाच म्हणालो होतो. तू म्हणालीस, बाबा, तुम्हाला सगळेच चोर दिसतात. दिसतात खरे. मुकादमाला दिसावेच लागतात.

आणि तो ठिपका. तुझ्या नावापुढे हिरवा असला की तू जागेवर आहेस. माऊस थोडा वेळ हलला नाही की पिवळा, आणि कोणाचा किती वेळ पिवळा होता ते वरच्यांना दिसतं. म्हणून तू आंघोळीला गेलीस की माऊस हलवायला मी, जेवायला बसलीस की मी. या वयात पुन्हा पाळी लागली, तीही बिनपगारी. सुरुवातीला गंमत वाटली. पण परवा चहा ओतताना हात बधिर होऊन तुझ्या हातून किटली सुटली. डॉक्टरांचं नाव काढलं की तुझं ठरलेलं उत्तर, या आठवड्यात नको. मला भीती वाटते गं.

काल दुपारी तू टेबलावरच डोकं टेकून झोपलीस. मी माऊस हलवत बसलो होतो, तेवढ्यात तुझा फोन वाजला. मॅडम. मी तो घेऊन बाहेर गेलो. तू कुठे आहेस असं तिने विचारलं असतं तर थाप तयार होती. तिने विचारलं, तुझी तब्येत बरी आहे ना. ही नवी युक्ती, असं वाटून माझं डोकंच फिरलं. रागाच्या भरात मी सगळं सांगून टाकलं. हात, किटली, डॉक्टर, आणि तो हिरवा ठिपका म्हणजे निम्मा वेळ मी असतो, हेही.

तिच्याकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र. तुझी नोकरी मी घालवली असेल तर खुशाल रागाव, पण डॉक्टरांना दाखवून आल्यावर. मॅडमने सगळं ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाली, तिच्याही वर एक साहेब आहे, आणि तिचा ठिपका तिची आई हिरवा ठेवते. मागे कुणी म्हातारी खोकली, तेव्हा कुठे माझा विश्वास बसला. उद्यापासून तुला आठवडाभर सुट्टी, असं म्हणाली आहे. तरी ते तिच्याकडून लेखी घे.

तुझाच,
बाबा