आप्पांच्या रायफलीवरचा लाल ठिपका

राजाजीनगर, बेंगळूरु

प्रिय त्रिविक्रमअण्णा,

आयुधपूजेला तू येतोयस, हे माझ्या लेकीकडून, भव्याकडून कळलं. फार बरं केलंस. फोनवर आपलं बोलणं हल्ली हवापाण्याच्या पुढे जात नाही, म्हणून लिहायला बसलो. आधीच सांगतो, पणजोबांच्या रायफलीवर आता नेम धरायची ती नवी काच बसवली आहे. घरात शिरल्यावर अचानक दिसण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं.

तुझा विरोध मी विसरलेलो नाही. काच बसवायला असल्या जुन्या शिकारी रायफलीला भोक पाडणं म्हणजे देवघरातल्या मूर्तीत खिळा ठोकणं, असं तू मेलबर्नहून ओरडला होतास. आप्पांनी तुझंच ऐकलं. शिकार त्यांच्या तरुणपणीच बंद झाली, पण क्लबच्या रेंजवर जाऊन कागदी निशाणावर नेम धरणं त्यांनी सोडलं नव्हतं. ऐंशीनंतर डोळ्यांनी दगा दिला. नळीवरची मागची खाच, पुढचा मणी आणि लांबचं निशाण, यांतलं एक स्पष्ट दिसलं की बाकीची दोन धुरकट व्हायची. मोतीबिंदू काढला तरी जमेना. नव्या काचेत नुसता एक लाल ठिपका दिसतो, तो निशाणावर ठेवायचा, बस. हे मी तुम्हा दोघांनाही समजावलं होतं. आप्पा म्हणाले, "त्रिविक्रमला नको आहे ना, मग नको." त्यानंतर दोन वर्षं दर रविवारी ते सकाळीच अंघोळ करायचे, रेंजवरचा खाकी शर्ट घालायचे आणि पेपर वाचत बसायचे.

यंदा संक्रांतीनंतर त्यांनी स्वतःच विषय काढला. "सुमंत, मला एकदा तरी नीट नेम धरू दे रे." मी तुला कळवू का विचारलं, तर हातानंच नको म्हणाले. काच जिच्यावर बसते ती पोलादी बैठक मी पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात स्वतः मशीनवर केली. मापं चुकू नयेत म्हणून तीनदा नवी केली. भोकं पाडायला मात्र परवानाधारक कारागीर लागतो, म्हणून फत्तेसिंगांकडे गेलो. ते जुनं पोलाद भलतंच कडक निघालं. दुसऱ्या भोकात स्क्रूचे आटे पाडायचा टॅप आतच तुटला. मला पहिली आठवण तुझी झाली. आप्पा शेजारी स्टुलावर बसले होते. म्हणाले, "सरी, बिडु. असू दे. रायफल माझी आहे, त्रिविक्रमची नाही." असं ते तुझ्याबद्दल कधी बोललेले मी ऐकलं नव्हतं. तुटका तुकडा निघाला, पण भोकाजवळ एक चरा राहिला. तो तुला दिसेलच.

रेंजवर त्यांनी रायफल खांद्याला लावली आणि कितीतरी वेळ नुसते काचेतून बघत राहिले. मला वाटलं, जमत नाहीये. मग पहिली गोळी काळ्या वर्तुळाच्या काठाला लागली, दुसरी बरोबर आत. तिसरी त्यांनी झाडलीच नाही. आई गेल्यापासून त्यांना इतकं मोकळं हसताना मी पाहिलं नव्हतं. परत येताना मल्लेश्वरमला डोसा खायला थांबलो, तर वेटरला 'स्वल्प जास्त लोणी' म्हणून बजावलं. हात धुताना म्हणाले, "हे दोन वर्षांपूर्वी केलं असतं तर..." वाक्य तिथंच सोडलं.

पुढच्याच महिन्यात त्यांना अर्धांगाचा झटका आला, हे तुला माहीत आहे. उजवा हात गेला. रायफल आता माझ्या परवान्यावर आहे. बोलणं बरंचसं परत आलं, पण आठवणी इकडच्या तिकडे झाल्या, हे मात्र मी तुला सांगितलेलं नाही.

आणि त्याचसाठी हे पत्र. घरी कुणीही आलं की आप्पा त्यांना सांगतात, "ही काच माझ्या थोरल्यानं बसवली. पीण्याला जाऊन बैठकसुद्धा स्वतः केली त्यानं." त्यांच्या लेखी रेंजवरही शेजारी तूच होतास. पहिल्यांदा मी म्हटलं, "आप्पा, तो मी, सुमंत." ते माझ्याकडे बघत राहिले, मग गोंधळून रडायला लागले. तेव्हापासून मी काही बोलत नाही. लागतं रे, खोटं कशाला सांगू. पण त्यांच्या आयुष्यातला तो एवढा चांगला दिवस आहे, तो मोडायचा कशाला? तू आलास की ते डाव्या हातानं तुझा हात धरतील आणि तुझे आभार मानतील. तेव्हा 'मी नव्हतो' म्हणू नकोस. माझ्याकडेही बघू नकोस. फक्त 'हो आप्पा' म्हण. मी त्या वेळी कॉफी करायच्या निमित्तानं आत जाईन.

तुझाच धाकटा,
सुमंत