हळदीला पुढे मी बसणार

प्रिय रंजिता,

फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून लिहायला बसले. परवा धामणकर नाक्यावर रिक्षात बसले, तर रिक्षावाल्याच्या मोबाइलवर तुझ्याच आवाजातलं धवल्याचं गाणं चालू. मी ताठ होऊन सांगितलं, ही माझी मैत्रीण, आम्ही दोघी मिळून लग्नांत गातो. तो म्हणाला, "मग यात तुमचा आवाज कुठाय?" मागे आहे, नीट ऐका, म्हटलं. नारपोली आली तरी बिचाऱ्याला सापडला नाही. मी हसले खरी, पण घरी येऊन भाजी करपवली.

शाळेपासून हे असंच. मांडवात तू पुढे बसून धवल्याची ओळ म्हणायचीस, मी मागून तीच परत म्हणायची, आणि बायका तुझी दृष्ट काढायच्या. मलाही तुझा आवाज इतका आवडतो की स्वतःचा नकोसा व्हायचा.

आता दापोड्याच्या लग्नातली गंमत ऐक. तू कार्यक्रमाला नाशिकला गेलेली, आणि इकडे हळदीची वेळ झालेली. नवरदेवाच्या आजीने, गुणाबाईने, मला हाताला धरून पुढे बसवलं. मी पहिली ओळ म्हटली आणि सवयीने मागची ओळही मीच म्हणून मोकळी झाले. सगळा मांडव हसला. मीही इतकी हसले की भीतीच गेली. मग बायकांनी ओळ धरली आणि सगळे धवले पार पडले. निघताना गुणाबाई म्हणाली, "रंजीचा आवाज लय गोड हाय, आमी आवाजच आयकत बसतांव. तुजा जाड हाय, पन शबूद समजतान. पोराची आय रडली बघ." रंजिता, मी घरापर्यंत गात आले.

आता मुद्द्याचं. नवरीची आई म्हणून लेकीच्या हळदीला तुला पुढे बसता येणार नाही, आणि तू उरणच्या कुणा बाईंना गायला बोलावते आहेस असं कळलं. मला विचारलं नाहीस, कारण मी नाहीच म्हटलं असतं, हे तुला ठाऊक. या खेपेला विचारायची वाट मी बघत नाही. त्या बाईंना आजच नको म्हणून कळव. तुझे हात हळदीत असतील, तोंड मोकळं असेल, तेव्हा मागून ओळ तू म्हण. आजवर तू सगळ्यांच्या लेकींसाठी गायलीस. तुझ्या लेकीसाठी मी गाणार.

तुझीच, आणि आता न ऐकणारी,
भावना