एका झाकणात किती मावतं

२ डिसेंबर, सोमवार

अडतीस चिठ्ठ्या. त्यातल्या अकरा बरोबर. अकरा!

हे चिठ्ठ्यांचं या सत्रापासून सुरू झालंय. तास संपायला पाच मिनिटं उरली की धड्यावरचा एक प्रश्न द्यायचा. मुलांनी खूण करायची आणि बाहेर जाताना चिठ्ठी माझ्या हातात. खरं तर मला आवडलं होतं. कोणाच्या डोक्यात काय शिरलं ते तिथल्या तिथे कळतं. तिसरीची मुलं ‘हजार मिलिलिटर म्हणजे एक लिटर’ धडाधड म्हणतात, पण डोळ्यांसमोर काही येत नाही. आज विचारलं — औषधाच्या बाटलीच्या झाकणात किती मावतं? १ मिली, १० मिली की १ लिटर? बारा जणांनी एक लिटर! हसावं की रडावं?

उद्या झाकण, पेला, बादली घेऊन जाते. पाणी ओतूनच शिकवते.

३ डिसेंबर

बादली तशीच परत आणली.

हेडबाईंनी, मालिनी मॅडमनी, सकाळीच बोलावलं. “हे बघ अस्मिता, तीसच्या खाली एकही वर्ग दाखवायचा नाही. सोमवारी संस्थेची माणसं येतायत.” म्हटलं, मॅडम, मुलांना येत नाहीये, एक दिवस द्या. “आणि पोर्शन कोण पुरा करणार? चिठ्ठ्या पेन्सिलीनंच घेतेस ना?”

एवढंच. पुढचं मी समजायचं. समजले.

मधल्या सुट्टीत वीस चिठ्ठ्या खोडल्या. ओढणीवर रबराचा भुगा. पहिल्या बाकावरच्या राजसीनं १ मिलीवर इतकी दाबून खूण केली होती की खोडताना कागद फाटायला आला. मी १० वर केली. कोपऱ्यात लाल पेनानं ‘छान!’ मग चिठ्ठ्या घरी पाठवल्या — पालकांची सही आणायची असते.

५ डिसेंबर

घरी अप्पांनी आज परत विचारलं, “पर्मनंट कधी करतायत?” चार वर्षं कंत्राटावर. आमच्या वस्तीत, बुवापाड्यात, मात्र सगळ्यांना सांगतात, आमची अस्मिता बदलापूरला टीचर आहे.

त्यांना माहीत नाही, माझी डी.एड.ची ओरिजिनल सर्टिफिकेटं मॅडमच्या कपाटात आहेत. रुजू होताना जमा करून घेतली. सप्टेंबरमध्ये दुसऱ्या शाळेतून बोलावणं आलं तेव्हा मागितली. “वर्ष पुरं कर, मग बघू.” तिथे दुसरी मुलगी लागली.

६ डिसेंबर

अप्पा चैत्यभूमीला गेले. दरवर्षी मीही जाते. आज डोकं दुखतंय म्हटलं. दुखत नव्हतं.

९ डिसेंबर, सोमवार

संस्थेची माणसं आली. मॅडमनी माझं रजिस्टर पुढे केलं — “तिसरी ब, एकतीस!” माझं कौतुक झालं. चहा मिळाला.

राजसी आली नाही.

१० डिसेंबर

दुपारी राजसीची आई आली. पॅकिंगच्या कामाला जाते, तिथून तशीच. म्हणाली, सासूबाईंना, जनाबाईंना, डॉक्टरांनी खोकल्याचं औषध दिलं होतं. शनिवारी कामावरून राजसीला फोन करून सांगितलं, आजीला पाच मिली दे. “हिनं पाच झाकणं पाजली हो टीचर! पाच! आजी उठेचनात. रिक्षात घालून उल्हासनगरला सरकारी दवाखान्यात नेलं.” आता शुद्धीवर आहेत. वाचल्या.

पाच मिली म्हणजे पाच झाकणं. एका झाकणात एक मिली मावतं असं समजणारी मुलगी दुसरं काय करणार?

तेच ती आईला सांगतेय. पण आईनं पर्समधून चिठ्ठी काढली. “खोटं बोलते! हे बघा ना, दहावर खूण आहे. तुम्ही छान लिहिलंय. म्हणजे माहीत होतं. आजी टीव्ही लावू देत नाहीत, त्याचा राग काढला. तिचे पप्पा तर बोलतच नाहीत तिच्याशी. कबूल करेपर्यंत कोणीच बोलायचं नाही असं ठरवलंय.”

मी काय म्हणाले? “लहान आहे ती.” बस. एवढंच निघालं तोंडातून!

११ डिसेंबर

मॅडमना सांगितलं — मी त्या घरी जाऊन खरं सांगणार. त्यांनी दार लावून घेतलं. “म्हातारी वाचली ना? मग? एका घरी सांगितलंस की वीस घरं येतील विचारायला. शाळा हात वर करेल. आणि तुझे कागद माझ्याकडे आहेत, विसरू नकोस.”

विसरते कशी!

१२ डिसेंबर

गेले नाही.

१३ डिसेंबर

आजही नाही. राजसी राहते त्या हेंद्रेपाड्याच्या वळणापर्यंत गेले, परत फिरले. राजसीचा बाक रिकामा. आजची चिठ्ठी ग्रॅम-किलोची. चौदा बरोबर. खोडरबर हातात घेतलं आणि ठेवून दिलं.

१४ डिसेंबर

अप्पांना सगळं सांगितलं. कपाटातल्या कागदांचंसुद्धा. वाटलं ओरडतील. जेवताना हात थांबला त्यांचा. “त्या पोरीला कोणी विचारलं का, काय झालं म्हणून?” मग ताट बाजूला सारलं.

उद्या जाते. कागद गेले तर गेले.

१५ डिसेंबर, रविवार

गेले. जनाबाई घरी आल्यात, खाटेवर बसून पेज घेत होत्या. सगळ्यांसमोर सांगितलं — ती खूण माझी आहे, राजसीनं एकवर केली होती, मी खोडली.

आई म्हणाली, “पण टीचर, हिनं काल कबूल केलं. मुद्दाम पाजलं म्हणाली. म्हणून तर आज पप्पांनी शेजारी बसवून जेवू घातलं.”

राजसीला पुढे बोलावलं. तिनं एकदा पप्पांकडे बघितलं. मग खाली बघत म्हणाली,

“टीचर खोटं बोलतायत. मला येत होतं.”